पोर्तुगालचे संविधान न्यायालय : लष्कराच्या हातून न्यायासनाकडे

पोर्तुगालची राज्यघटना २ एप्रिल १९७६ रोजी मंजूर झाली आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून अमलात आली. तिच्या पन्नाशीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्या घटनेची राखण करणाऱ्या संस्थेचा, म्हणजे संविधान न्यायालयाचा इतिहास लिहायला घेतला की पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की हे न्यायालय घटनेपेक्षा सात वर्षांनी धाकटे आहे. त्याच्या पहिल्या तेरा न्यायाधीशांनी सूत्रे हाती घेतली ती ६ एप्रिल १९८३ रोजी. मग मधली सात वर्षे घटनेचे रक्षण कोण करत होते? लष्करी अधिकारी. ज्यांनी रणगाडे रस्त्यावर आणून हुकूमशाही उलथवली, त्यांच्याच हाती नव्या घटनेच्या चाव्या होत्या, आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी त्या परत केल्या. या न्यायालयाने पुढे दिलेले निकाल अभ्यासण्याजोगे आहेतच. पण त्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला हा हस्तांतराचा वाटतो. युरोपातल्या कायदेपंडितांनी ‘लोकशाहीकडे संक्रमण’ या विषयावर पुष्कळ लिहिले आहे. ते संक्रमण प्रत्यक्षात कसे घडते हे पाहायचे असेल तर हा इतिहास वाचावा.

सुरुवात मात्र बरीच मागे जाते. पोर्तुगालमध्ये १८२२ पासून सहा राज्यघटना झाल्या. पहिल्या घटनेच्या वेळी लिस्बनच्या कायदेमंडळात गोव्याचेही प्रतिनिधी निवडून पाठवले गेले होते आणि बर्नार्दो पेरेस द सिल्वा हे त्यांपैकी एक. राजेशाही गेल्यावर १९११ साली प्रजासत्ताकाची घटना आली. तिच्या ६३ व्या कलमाने न्यायाधीशांना एक नवा अधिकार दिला: एखाद्या खटल्यात पक्षकाराने कायद्याच्या वैधतेला हरकत घेतली, तर तो कायदा घटनेशी सुसंगत आहे की नाही हे न्यायाधीशाने तपासायचे. ही कल्पना ब्राझीलच्या १८९१ च्या घटनेवरून घेतलेली होती. लेखी घटनेत असे कलम घालणारा पोर्तुगाल हा युरोपातला पहिला देश मानला जातो. ऑस्ट्रियाचे स्वतंत्र संविधान न्यायालय त्यानंतर आले, १९२० मध्ये. अधिकार मिळाला खरा, पण न्यायाधीशांनी तो फारसा वापरला नाही.

पुढे हुकूमशहा सालाझार आले. त्यांची १९३३ ची घटना मार्च महिन्यातल्या सार्वमताने मंजूर झाली, आणि त्या सार्वमतात जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची गणना होकारात केली गेली. या घटनेच्या आठव्या कलमात नागरिकांच्या हक्कांची यादी होती. विचारस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, संघटनास्वातंत्र्य, सारे काही होते. त्याच कलमात पुढे म्हटले होते की या स्वातंत्र्यांचा वापर विशेष कायद्यांनी नियंत्रित केला जाईल. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. कायदे तपासण्याची न्यायालयांची शक्तीही कागदावर राहिली, पण सालाझारच्या राजवटीत ती कुणाच्या कामी आली नाही. राजकीय आरोपींसाठी खास न्यायपीठे बसवली गेली आणि गुप्त पोलिसांनी घेतलेला कबुलीजबाब तिथे पुरावा म्हणून चालत असे.

या आठव्या कलमाचा अर्थ गोव्याइतका दुसऱ्या कुणाला समजला असेल असे वाटत नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी मोडली ती सभाबंदी याच चौकटीतली होती. त्या चळवळीतल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायासनापुढे उभे करून पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. बेती पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात १९५५ साली पकडले गेलेले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात होते. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये आणि रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत! ज्या काशियश आणि पेनिशच्या कोठड्यांमध्ये गोव्याची माणसे बसली, त्याच कोठड्यांमध्ये पोर्तुगालचे विरोधकही बसत होते. २५ एप्रिल १९७४ नंतर दोन दिवसांत या दोन्ही तुरुंगांची दारे उघडली.

तो २५ एप्रिलचा उठाव कार्नेशन फुलांची क्रांती म्हणून ओळखला जातो. आफ्रिकेतल्या तीन आघाड्यांवरच्या युद्धांना विटलेल्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांनी तो घडवला. त्यांच्या संघटनेने, म्हणजे सशस्त्र दल चळवळीने, एक कार्यक्रम जाहीर केला. त्यात एक वाक्य फार महत्त्वाचे होते: बारा महिन्यांच्या आत सार्वत्रिक, प्रत्यक्ष आणि गुप्त मतदानाने संविधान सभा निवडली जाईल. उठाव करणारे लष्कर निवडणुकीचे वचन नेहमीच देते. इथे ते पाळले गेले. बरोबर एका वर्षाने, २५ एप्रिल १९७५ रोजी मतदान झाले आणि नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ९२ टक्के लोक मतदानाला आले. देशातल्या कित्येक प्रौढांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, मतपत्रिका हाती येण्याचा तो पहिला प्रसंग होता. सभेच्या २५० जागांपैकी समाजवाद्यांना ११६ मिळाल्या, मध्यममार्गी लोकतांत्रिक पक्षाला ८१, साम्यवाद्यांना ३० आणि उजव्या मध्यम पक्षाला १६. २ जून १९७५ रोजी संविधान सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला आपल्याकडे आणीबाणी लागू झाली, हे मराठी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही.

दरम्यान गोव्याचा प्रश्नही याच बदलातून सुटला. १९३३ च्या घटनेच्या पहिल्याच कलमात गोवा पोर्तुगालच्या भूभागात धरलेला होता, त्यामुळे मुक्तीनंतर तेरा वर्षे पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले नव्हते. नव्या सरकारने आधी आपल्या कायद्यात वाट मोकळी केली, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांनी सही केली आणि भारताच्या वतीने तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. पोर्तुगालच्या लोकशाहीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कागदांपैकी एकावर कराडच्या माणसाची सही आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

संविधान सभेचे काम मात्र शांततेत झाले नाही. १९७५ चा उन्हाळा पोर्तुगालमध्ये ‘तापलेला उन्हाळा’ म्हणून ओळखला जातो. बँका आणि मोठे उद्योग राष्ट्रीयीकृत झाले होते, दक्षिणेत शेतमजुरांनी जमिनी ताब्यात घेतल्या होत्या, उत्तरेत साम्यवाद्यांच्या कचेऱ्या जाळल्या जात होत्या, आणि खुद्द लष्करात फूट पडली होती. निवडून आलेली सभा मोठी की क्रांती मोठी, हा प्रश्न रोज विचारला जात होता. १२ नोव्हेंबरला बांधकाम कामगारांच्या प्रचंड मोर्चाने, सभा जिथे भरत होती त्या साओ बेंतो प्रासादाला वेढा घातला. सभासद आत, पंतप्रधान पिन्येइरो द आझेवेदोही आत, बाहेर काँक्रीटचे मिक्सर आणि ट्रक आडवे लावलेले. दीड दिवस कुणाला सहज बाहेर पडता आले नाही. सरकारला वेतनवाढीची मागणी मान्य करावी लागली. दोन आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, डाव्या गटातल्या काही तुकड्यांचा उठाव रामाल्यो एआनेश यांच्या नेतृत्वाखालच्या सैन्याने मोडला. त्यानंतर सभेला निवांतपणे लिहिता आले. पण वेढा पडलेला असतानाही सभा विसर्जित झाली नाही आणि मसुद्याचे काम सोडले गेले नाही, याचे श्रेय सर्व पक्षांच्या सभासदांना द्यायला हवे.

२ एप्रिल १९७६ रोजी ३१२ कलमांची घटना मतदानाला आली. विरोधात मत दिले ते फक्त उजव्या मध्यम पक्षाने, आणि पुढे तोच पक्ष या घटनेखाली सरकारांमध्ये बसला. घटनेत दोन प्रकारचे धागे एकत्र विणलेले होते. एकीकडे मानवी प्रतिष्ठा, मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायव्यवस्था; यात जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याची छाया स्पष्ट दिसते. दुसरीकडे वर्गविहीन समाजाचे ध्येय आणि राष्ट्रीयीकरण मागे घेता येणार नाही अशी हमी. हा दुसरा धागा १९८९ च्या दुरुस्तीत बराचसा काढला गेला. पहिला टिकला. आणखी एक गोष्ट: घटनादुरुस्तीलाही कोणत्या गोष्टींना हात लावता येणार नाही, याची यादीच घटनेत दिलेली आहे. आज ती २८८ व्या कलमात आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली ‘मूलभूत चौकट’ अन्वयार्थाने शोधली. पोर्तुगालने तीन वर्षांनी ती लिहूनच ठेवली.

गोव्यात वकिली करणाऱ्या आम्हा मंडळींना या घटनेचा परिणाम एका वेगळ्या कोनातून दिसतो. विवाह आणि कुटुंबाच्या बाबतीत आम्ही आजही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा आधार घेतो, आणि ती आता भारतीय कायद्याचाच भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. खुद्द पोर्तुगालमध्ये ती संहिता १९६७ साली गेली आणि नवी आली. त्या नव्या संहितेतही पती हा कुटुंबाचा प्रमुख होता. १९७६ च्या घटनेने पती-पत्नीचे हक्क समान ठरवल्यावर १९७७ च्या सुधारणेने ते कलम हटवले. आम्ही ज्या झाडाची फांदी घेऊन आलो, त्या मूळ झाडाला नवी पालवी घटनेने फुटली.

आता मूळ विषयाकडे. घटना लिहिली, पण तिचे रक्षण कोणी करायचे? सर्वसाधारण न्यायालयांवर नव्या राजकारण्यांचा विश्वास नव्हता. त्यातले कित्येक न्यायाधीश जुन्या राजवटीत नेमलेले. लष्कराचा राजकारण्यांवर विश्वास नव्हता. एप्रिल १९७५ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये चळवळ आणि पक्ष यांच्यात करार झाले, आणि त्यांतून जी तडजोड निघाली तीच घटनेत उतरली. क्रांती परिषद, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली बसणारे लष्करी अधिकाऱ्यांचे मंडळ, हीच घटनेची रक्षक ठरली. एखादा कायदा घटनाबाह्य आहे असे जाहीर करण्याचा अधिकार तिचा. मात्र तिच्या शेजारी एक संविधान आयोग बसवला गेला. त्यात नऊ जण होते: परिषदेचा एक सदस्य अध्यक्ष म्हणून, चार न्यायाधीश, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला एक, संसदेने नेमलेला एक आणि परिषदेने नेमलेले दोन. परिषदेने निर्णय घेण्यापूर्वी या आयोगाचे लेखी मत घ्यायचे. आणि प्रत्यक्ष खटल्यांतून वर आलेल्या घटनात्मक प्रश्नांवर मात्र आयोगाचाच निवाडा अंतिम.

या आयोगाचे अध्यक्ष होते एर्नेश्तो मेलो आंतुनेश. हे लष्करातले मेजर, आणि सशस्त्र दल चळवळीच्या राजकीय कार्यक्रमाचे प्रमुख लेखक. त्यांच्या आयोगात काही काळ जोर्ज मिरांदा होते, संविधान सभेतले सभासद आणि पुढे पोर्तुगीज घटनाशास्त्राचे सर्वांत मोठे अध्यापक. एका टेबलाभोवती वर्दीतला माणूस, न्यायाधीश आणि प्राध्यापक बसून कायद्याची कलमे तपासत होते. परिषद बहुतेक वेळा आयोगाचे मत मान्य करी. माझ्या मते याच सात वर्षांत घटनात्मक तपासणीची सवय देशाला लागली, आणि ती सवय लागल्यामुळेच लष्कराची गरज संपली. पोर्तुगालमधले अभ्यासक या आयोगाला न्यायालयाची केवळ प्रस्तावना म्हणून थोडक्यात उरकतात, ते मला पटत नाही. आयोगाने ठरवलेल्या कितीतरी भूमिका नंतर न्यायालयाने तशाच पुढे चालवल्या.

क्रांती परिषद कायमची नव्हती, हे आधीच ठरलेले होते. पहिल्या विधिमंडळाची मुदत संपली की घटनादुरुस्ती करता येणार होती आणि तीत परिषदेचा शेवट होणार होता. दुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागतात, म्हणून समाजवादी पक्ष आणि सत्तेवरची उजवी आघाडी यांना एकत्र यावे लागले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी पहिली दुरुस्ती प्रसिद्ध झाली. परिषद विसर्जित झाली आणि तिच्या जागी संविधान न्यायालय आले. त्याची रचना आणि कार्यपद्धती ठरवणारा कायदा १५ नोव्हेंबरला आला. उठाव न होता, गोळी न सुटता लष्कराने घटनेवरचा हक्क सोडला. जगात असे किती वेळा घडले आहे?

न्यायालयात तेरा न्यायाधीश असतात. दहा जणांना संसद दोन तृतीयांश बहुमताने निवडते आणि हे दहा जण उरलेल्या तिघांना स्वतः निवडतात. तेरांपैकी निदान सहा जण इतर न्यायालयांतले न्यायाधीश असावे लागतात, बाकीचे कायदेतज्ज्ञ. सुरुवातीला मुदत सहा वर्षांची होती आणि पुन्हा निवड होऊ शकत असे. १९९७ च्या दुरुस्तीने ती नऊ वर्षांची केली आणि पुन्हा निवड बंद केली. हा बदल फार चांगला झाला, कारण पुन्हा निवडून यायचे असेल तर न्यायाधीशाचा डोळा नकळत संसदेकडे लागतो. पहिले अध्यक्ष आर्मांदो मार्केश गेदेश. त्यांच्यानंतर कार्दोझो द कोस्ता यांनी १९८९ पासून २००३ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, धुरा सांभाळली. पहिल्या तेरांत एकही स्त्री नव्हती. १९८९ साली असुन्साओ इश्तेवेश आल्या. पुढे त्या संसदेच्या पहिल्या महिला अध्यक्षही झाल्या. न्यायालयाचे बिऱ्हाड लिस्बनच्या रातों प्रासादात आहे. वर्तमानपत्रे न्यायालयाला ‘रातों’ याच नावाने हाक मारतात.

न्यायालयापर्यंत प्रकरणे पोचतात ती तीन-चार वाटांनी. राष्ट्राध्यक्षांकडे सहीसाठी आलेला कायदा त्यांना शंकास्पद वाटला तर आठ दिवसांत ते तो न्यायालयाकडे पाठवू शकतात, आणि न्यायालयाला पंचवीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. लागू झालेल्या कायद्याविरुद्ध राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, लोकपाल, महाभियोक्ता किंवा संसदेचे एक दशांश सभासद दाद मागू शकतात. संसदेने जो कायदा करायला हवा होता तो केलाच नाही, अशीही तक्रार नोंदवता येते. १९८९ मध्ये संगणकातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाबाबत आणि २००२ मध्ये सरकारी नोकरांच्या बेरोजगार भत्त्याबाबत न्यायालयाने अशी चूक दाखवून दिली. पण सर्वांत वर्दळीची वाट खालून येते. पोर्तुगालमध्ये गावातल्या साध्या न्यायाधीशालाही घटनाबाह्य कायदा लागू करण्यास नकार देण्याचा हक्क आहे, नव्हे तेच त्याचे कर्तव्य आहे. १९११ चा वारसा तो हा. त्याने संसदेचा कायदा असा नाकारला की सरकारी अभियोक्त्याला संविधान न्यायालयाकडे अपील करावेच लागते. आणि एकच तरतूद तीन खटल्यांत घटनाबाह्य ठरली तर ती सर्वांसाठी रद्द करण्याची कार्यवाही सुरू होऊ शकते.

एक उणीव मात्र मोठी आहे. आपल्याकडे कलम ३२ खाली नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. स्पेन आणि जर्मनीतही हक्कभंगाची थेट तक्रार करता येते. पोर्तुगालमध्ये ती सोय नाही. तिथे खटल्यात वापरलेल्या कायद्याच्या तरतुदीविरुद्धच जाता येते, निकालाविरुद्ध नाही. परिणामी कित्येक अपिले तांत्रिक कारणावरून दारातच अडतात. पन्नास वर्षांनंतर तरी ही वाट उघडायला हवी.

न्यायालयाला आपली उंची पहिल्यांदा गवसली ती ११ एप्रिल १९८४ च्या निकालात, ३९/८४ या क्रमांकाच्या निवाड्यात. १९७९ साली आंतोनियो आर्नो यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला होता. १९८२ मध्ये सरकारने एका वटहुकुमाने त्याचा बहुतेक भाग रद्द केला. न्यायालयापुढे प्रश्न आला: एक सरकार कायदा करते, दुसरे तो मोडते, यात घटनेचा संबंध काय? निवाडा लिहिला व्हिताल मोरेइरा यांनी. ते संविधान सभेत साम्यवादी गटात होते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. आरोग्य सेवा उभारा, असा घटनेचा आदेश आहे. आदेश पाळला नसता तर राज्य चुकले असते. एकदा तो पाळल्यावर राज्यावर आणखी एक बंधन येते, उभारलेले पाडू नये. वटहुकूम रद्द झाला आणि आरोग्य सेवा वाचली. सामाजिक हक्क म्हणजे केवळ सदिच्छा, असे मानणाऱ्या युरोपातल्या कायदेपंडितांना या निवाड्याची दखल घ्यावी लागली.

त्याच काळात पोर्तुगाल युरोपात प्रवेश करत होता. सदस्यत्वाचा अर्ज मार्च १९७७ चा, करारावर सही १२ जून १९८५ रोजी जेरोनिमोस मठात, जिथे वास्को द गामाची समाधी आहे. १ जानेवारी १९८६ पासून देश युरोपीय समुदायाचा सदस्य झाला. ग्रीस, स्पेन आणि पोर्तुगाल हे तिन्ही देश सत्तरच्या दशकात हुकूमशाहीतून बाहेर आले आणि युरोपचे दार ठोठावू लागले. लोकशाही घटना हीच त्यांची प्रवेशपत्रिका होती. समुदायाच्या न्यायालयाने १९७० साली म्हटले होते की मूलभूत हक्कांचे रक्षण सदस्य देशांच्या समान घटनात्मक परंपरांमधून प्रेरणा घेते. त्या वेळी परंपरा म्हणजे सहा जुन्या सदस्यांच्या परंपरा. आता त्या समान परंपरेत तुरुंगांतून, संपांतून आणि वेढ्यांतून जन्मलेल्या तरुण घटनाही आल्या. १९८७ साली युरोपीय संविधान न्यायालयांची परिषद लिस्बनमध्ये भरली. काही वर्षांत बुडापेस्ट आणि वॉर्साही याच वाटेने निघाले.

नव्वदीची आणि दोन हजारांची वर्षे मी भरभर ओलांडतो. त्यातला एक निकाल तेवढा सांगायला हवा. डिसेंबर २००२ मध्ये किमान उत्पन्नाची योजना १८ ते २५ वयाच्या तरुणांना बंद करणारा कायदा राष्ट्राध्यक्ष जोर्ज सांपायो यांनी न्यायालयाकडे पाठवला. न्यायालयाने तो अडवला. मानवी प्रतिष्ठेत जगण्यापुरत्या किमान साधनांचा हक्क येतो, आणि पर्यायी मदत न देता तो काढता येत नाही, हे त्यात ठरले. पुढच्या संकटात या विचाराची फार गरज पडली.

ते संकट रणगाड्यांनी आणले नाही, कर्जाने आणले. मे २०११ मध्ये पोर्तुगालने युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ७८ अब्ज युरोंचे कर्ज घेतले आणि बदल्यात कठोर काटकसर मान्य केली. सरकारी पगारांतल्या कपातीला न्यायालयाने त्याच वर्षी मान्यता दिली. २०१२ च्या अर्थसंकल्पाने सरकारी नोकर आणि निवृत्तांना मिळणारे सुट्टीचे व नाताळचे, म्हणजे तेराव्या आणि चौदाव्या महिन्याचे वेतन थांबवले. जुलैमध्ये न्यायालयाने म्हटले की संकटाचा भार एकाच गटावर टाकणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. मात्र वर्षाचा अर्थसंकल्प मार्गी लागलेला होता म्हणून त्या वर्षापुरती कपात चालू ठेवण्याची मुभा दिली. चूक झाली म्हणायचे आणि पैसे परत द्यायला लावायचे नाहीत, हा निम्मा न्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या वर्षी न्यायालयाने ती मुभा दिली नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पाविरुद्ध राष्ट्राध्यक्ष कावाको सिल्वा, विरोधी पक्षांचे सभासद आणि लोकपाल असे सगळेच न्यायालयात गेले. ५ एप्रिलला, शुक्रवारी संध्याकाळी, निकाल जाहीर झाला. निवृत्तिवेतनावरचा विशेष अधिभार आणि प्राप्तिकराचा जादा बोजा टिकला. सुट्टीच्या वेतनाची कपात कोसळली, नोकरांचीही आणि निवृत्तांचीही. आणि एक लहानशी तरतूदही कोसळली, जिच्याकडे मला आवर्जून लक्ष वेधायचे आहे: आजारपणाच्या भत्त्यातून ५ टक्के आणि बेरोजगार भत्त्यातून ६ टक्के कापून घेण्याची तरतूद. रक्कम किरकोळ होती. पण ही कपात सगळ्यांना सरसकट लागू होती, ज्याचा भत्ता आधीच किमान पातळीवर आहे त्यालाही. त्या किमान पातळीची राखण कायद्याने केलेली नाही, म्हणून न्यायालयाने ती रद्द केली. सरकारने नंतर किमान रक्कम सुरक्षित ठेवून ती पुन्हा आणली. अब्जावधी युरोंच्या हिशेबात काम गमावलेल्या एका माणसाचे सहा टक्के दिसणे, यासाठीच संविधान न्यायालय असते.

निकालाने सुमारे १३० कोटी युरोंचे खिंडार पडले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मंत्रिमंडळाची तातडीची बैठक झाली. धनको नाराज, बाजार नाराज. त्याच वर्षी नोकरकपातीचा एक कायदा आणि डिसेंबरमध्ये निवृत्तिवेतनांचा कायदाही अडला. हा शेवटचा निकाल सर्व न्यायाधीशांच्या एकमताने आला, सत्ताधाऱ्यांच्या मतांनी निवडून आलेल्यांसकट. मे २०१४ च्या निकालानंतर तर सरकारने न्यायाधीशांच्या निवडीवरच उघड टीका केली. टीका झाली, पण न्यायालयाचे अधिकार कापण्याचा प्रयत्न झाला नाही आणि निकाल पाळले गेले. लोकशाहीचे संक्रमण पूर्ण झाल्याची खूण मी इथे पाहतो.

याच काटकसरीतून एक अनपेक्षित फांदी फुटली. २०१४ च्या पगारकपातीविरुद्ध पोर्तुगीज न्यायाधीशांची संघटना न्यायालयात गेली आणि प्रश्न लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयापुढे पोचला. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्या न्यायालयाने कपात मान्य केली. सर्व सरकारी नोकरांना तात्पुरती लागू असल्याने ती न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याला बाधक नव्हती. पण सोबत हेही सांगितले की युरोपीय कायदा लागू करू शकणारे प्रत्येक राष्ट्रीय न्यायालय स्वतंत्र असलेच पाहिजे आणि हे बंधन थेट संघाच्या करारातून येते. पगाराचा खटला हरला, तत्त्व जिंकले. त्याच वर्षी पोलंडने सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६५ वर आणून त्यांना घरी बसवायला घेतले, तेव्हा त्याच तत्त्वाच्या आधारे युरोपीय न्यायालयाने पोलंडला रोखले.

युरोपीय कायदा वरचढ की राष्ट्राची घटना, या जुन्या प्रश्नावर रातोंने बोलणे बराच काळ टाळले. घटनेत २००४ साली एक वाक्य घातले गेले होते की संघाचा कायदा संघाच्या नियमांप्रमाणे लागू होईल, पण लोकशाही कायद्याच्या राज्याची मूलतत्त्वे राखून. १५ जुलै २०२० च्या ४२२/२०२० या निवाड्यात न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. युरोपीय कायद्याचा अग्रक्रम मान्य. तो नाकारण्याचा प्रसंग फक्त तेव्हाच, जेव्हा तो अशा एखाद्या मूलतत्त्वाला धक्का देईल ज्याला खुद्द युरोपीय कायद्यात तोडीचे संरक्षण नाही. जर्मनीच्या न्यायालयाने दोन महिन्यांपूर्वी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या प्रकरणात घेतलेल्या पवित्र्यापेक्षा ही भूमिका कितीतरी संयमाची आहे.

आता न्यायालयापुढचा प्रश्न त्याच्या रचनेचाच आहे. दहा न्यायाधीशांच्या निवडीला संसदेतल्या २३० पैकी १५४ मते लागू शकतात, आणि चार दशके हा आकडा दोन मोठ्या पक्षांच्या समझोत्याने भरत आला. मे २०२५ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीला ९१ जागा मिळाल्या आणि समाजवाद्यांना ५८. त्यांची बेरीज १४९ होते. ६० जागा घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला आहे तो कट्टर उजवा शेगा पक्ष. १९८२ साली लष्कराकडून घटना स्वीकारताना ज्या दोन पक्षांनी हा नियम लिहिला, त्यांना आता तो फक्त दोघांच्या बळावर पाळता येत नाही.